पुढलं आबा सांगतील

माझ्या त्या घरमालकाचा विषय निघाला की लोक हसतात. "काय अवली माणूस होता!" म्हणतात. हसणाऱ्यांचं काय जातं? त्यांची चक्की बंद पडायला आली नव्हती. माझी आली होती. आणि ती त्या माणसानं कुठली वायर न कापता, कुठला पट्टा न तोडता, स्वतःच्या ओसरीत गोधडीवर बसून नुसत्या तोंडानं बंद पाडत आणली होती.

आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं.

मी मूळचा रावेरकडचा. घरची केळी नव्हती, दुसऱ्यांच्या केळीचे घड ट्रकमध्ये भरत मोठा झालो. मग अमळनेरला एका तेलगिरणीत पोती उचलली, पुढं तिथंच मुकादम झालो. वडिलांचं काही नाही, सासऱ्यांचं काही नाही. जे केलं ते माझ्या हातानं आणि माझ्या तोंडानं. तोंडानं म्हणजे घासाघीस करून. भाव केल्याशिवाय मी मीठसुद्धा घेतलेलं नाही. ती जुनी पिठाची चक्कीही मी मूळ मालकाच्या दारात ठाण मांडून, त्याची बायको "देऊन टाका एकदाची ह्या माणसाला" म्हणेपर्यंत हटून घेतली होती.

शिंदखेड्याच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत ते गाव होतं. तिथं चक्की नव्हती. बायका डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावाला जायच्या. मला आणखी काय हवं होतं? चक्की टेम्पोत घातली, बायकोला पुढं बसवलं आणि निघालो. गावाच्या अलीकडच्या नाल्यात टेम्पो कलंडला. कुणाला खरचटलंही नाही, पण टेम्पो आडवा, चक्कीचे दगडी पाट चिखलात, आणि आम्ही दोघं दिवेलागणीला चिखलानं माखून पायी गावात शिरलो. हे सारं गावानं पाहिलं. हे लक्षात ठेवा, कारण त्या माणसानं ते लक्षात ठेवलं होतं.

आबांकडून मी राहायला खोली आणि चक्कीला पुढची पडवी घेतली. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. त्यांनी भाडं सांगितलं, मी निम्मं सांगितलं. ते म्हणाले, "चाल, दिनं." लगेच! मला तर अपमानच वाटला. निम्म्यावर लगेच हो म्हणणाऱ्या माणसाशी व्यवहार कसा करायचा? मग त्यांनी बोट वर केलं.

"एक अट शे. टीव्ही लागना की तू धाबावर चढशी."

गावात रंगीत टीव्ही एकच, आबांचा. सुरतेला गिरणीत असलेल्या मुलानं आणून दिलेला. मुलगा स्वतः येत नसे, टीव्ही तेवढा पाठवला होता. अँटेना होती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, एका बांबूला बांधलेली, आणि जरा वारा सुटला की ती तोंड फिरवायची. ती सरळ करायचं काम भाडेकरूचं. माझ्याआधी एक शाळामास्तर त्या खोलीत राहायचे, त्यांनी म्हणे गुडघ्यांसाठी बदली मागून घेतली.

तेव्हा रविवारी संध्याकाळी टीव्ही लागला की गाव खाली ओसरीत आणि मी वर.

"उना का?" चित्र आलं का, म्हणून मी वरून ओरडायचो.

"नही उना!" खालून सगळे.

"आते?"

"उना, उना! ऱ्हाऊ दे! ... गया!"

ह्यापलीकडे मी त्या टीव्हीवरचं काही पाहिलेलं नाही. धाब्याला उजेडासाठी एक भोक होतं, त्यातून आवाज यायचा. पाहायला मिळायचं ते खाली बसलेल्या लोकांच्या टोप्या आणि पदर.

आबांनी सारी नोकरी एका बसस्टँडवर गाड्या पुकारण्यात काढली होती. कुठलं स्टँड ते सांगत नाही, उगाच कुणाला राग यायला नको. आवाज असा की टीव्हीचा बंद केला तरी चाललं असतं. घरातही ते पुकारायचेच. दूधवाला दिसला की, "दूधवाला फलाटावर येत आहे, भांडीवाल्यांनी तयार ऱ्हावं." माझी बायको अंगणात कपडे वाळत घालायला निघाली की, "साड्या सुटत आहेत." ती हसायची. मला हसू येत नसे.

त्यांची एक गोष्ट गावात सगळे सांगायचे. एकदा त्यांनी दोंडाईच्याची गाडी पुकारली आणि ती गाडी वाटेतच बंद पडली. साहेब म्हणाले, रद्द म्हणून पुकारा. आबा म्हणाले, "एकदाव पुकारं म्हंजे पुकारं." ते उठले, रस्त्यावर गेले, कापसाचा एक रिकामा ट्रक थांबवला, सगळ्या उतारूंना त्यात बसवलं आणि परत येऊन कर्ण्यावर म्हणाले, "दोंडाईचा गाडी सुटली आहे." लोक हे कौतुकानं सांगतात. मी विचारतो, ट्रकमध्ये बसलेल्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं होतं का?

ओसरीत यायचे त्यांचे नियम होते. आपापलं गोणपाट आणायचं. चपला नाकं बाहेर करून लावायच्या. पुढं काय होणार हे कुणी आधी बोललं तर त्याला उठवायचे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे लाईट गेली तरी उठायचं नाही.

लाईट तर जायचीच. गोष्ट रंगात आली की जायची. मग आबा अंधारात खाकरायचे आणि म्हणायचे, "बसा. पुढलं मी सांगस." आणि सांगायचे. अहिराणीत, न थांबता, जणू त्यांनी ती आधी पाहिलेली असावी. पोलीस चोराला धरायचे, सासू सुनेच्या पाया पडायची, हरवलेला भाऊ थेट धुळ्याच्या बाजारात सापडायचा. हिंदी अर्ध्या लोकांना कळत नव्हती. खरं सांगायचं तर लाईट गेली की लोकांना बरंच वाटायचं.

त्या वर्षी भीतीच्या गोष्टींची एक हिंदी मालिका लागायची. दर आठवड्याला नवी गोष्ट. आता कुणी दाखवली तर लहान पोरंही हसतील, इतकी साधी. तेव्हा मात्र बायका पदर तोंडात धरून बसायच्या. त्या रविवारची गोष्ट अशी होती: शहरातलं एक जोडपं एका अनोळखी गावात राहायला येतं. गाव फार गोड वागतं. घर देतात, दूध देतात, सगळे हसून बोलतात. पण सूर्य बुडाला की एकजात साऱ्या दारांना आतून कड्या लागतात. आणि गावात कुत्रं एकही नाही.

"कुत्रं नही?" खाली कुणीतरी म्हणालं. "मंग भुंकस कोन?"

"तुना सासरा," दुसरा म्हणाला. सगळे हसले. आबांनी काठी आपटली.

मी वर बांबू धरून उभा. टीव्हीवरची ती बाई मागचं दार उघडायला जाते, कडी वाजते, आणि लाईट गेली.

"बसा," आबा म्हणाले. "पुढलं मी सांगस."

त्यांनी सांगितलं ते मी त्या भोकातून स्वतःच्या कानांनी ऐकलं. बाई दार उघडते. परसात दोन मुडदे. एक तिचा, एक नवऱ्याचा. "गाव नही मरेल," आबा म्हणाले. "ते दोन्ही मरेल शेतस. गावले येतायेताच त्यासनी गाडी नालामा पडनी. त्यासलेच ठाऊक नही. आनि गाव भीस त्यासले, म्हनीसन दारं लावस. कुत्रं? कुत्रं तर पहिलेच पळी गयात."

खाली एक म्हातारा हळूच "वा रे आबा" म्हणाला. कड्या, दूध, कुत्रं, सगळं जुळलं होतं. असा शेवट टीव्हीवाल्यांनाही सुचला नसेल.

आणि मग तो सारा अंधार मान वर करून माझ्याकडे बघायला लागला. मला दिसत नव्हतं, पण कळत होतं. नाला! त्यांनी नाला म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दळणाचा एकही डबा आला नाही. एरवी उजाडताच पडवीत डब्यांची रांग लागायची. कुणाची दादर ज्वारी, कुणाचं ज्वारी-उडदाचं कळण्याचं, कुणाचे गहू. त्या दिवशी मी पट्टा ताणून बसलो आणि समोरून बायका डोक्यावर डबे घेऊन शेजारच्या गावाला निघाल्या. माझ्या पडवीसमोर आल्या की पावलं उचलून चालायच्या. दुपारी एक अक्का आल्या. गावातल्या साऱ्या सुना त्यांना विचारूनच वागायच्या. डबा नव्हता, रिकाम्या हातानं आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून माझ्या बायकोला म्हणाल्या, "पाय दखाड वं बाई."

"काय?"

"पाय. पुढे शेत का मांगे शेत, पाहू दे."

भुताचे पाय उलटे असतात म्हणून ही तपासणी! मी उखडलो. बायकोनं मात्र लुगडं घोट्यापर्यंत उचललं, दोन्ही पाय पुढं केले आणि म्हणाली, "पाहून घ्या अक्का. बोटं मोजून घ्या. आणि मग दळण पाठवा."

अक्कांनी पाय निरखले. "पाय ते चांगला शेत," म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मी बूट घातले होते. त्या दळण न पाठवताच गेल्या.

चक्की बंद पडणं म्हणजे काय, हे चक्कीवाल्यालाच कळतं. दगड थंड पडला की त्याला किडे लागतात. मी तिच्यात होतं-नव्हतं ते सगळं घातलेलं होतं. परत जायला रावेरला घर नव्हतं आणि अमळनेरला नोकरी नव्हती.

मी आबांसमोर उभा राहिलो. ते दाढी करत होते.

"आबा, तुम्ही मुद्दाम आमचाच टेम्पो गोष्टीत घातला."

"टीव्हीमा मोटार व्हती. टेम्पो कोठे व्हता?"

"नाला कुणी घातला?"

"नाला गोष्टले पाहिजे व्हता."

"मग येत्या रविवारी सांगा की तो शेवट खोटा. तुम्हीच जुळवलेला."

त्यांनी वस्तरा पुसला. "एकदाव पुकारं म्हंजे पुकारं."

भाडं सोडतो म्हणाले असते तर मी ऐकलं असतं. माफ कर म्हणाले असते तरी ऐकलं असतं. आकडा सांगा, मी खाली आणतो, हा माझा धंदा. पण जिथं समोरचा माणूस आकडाच सांगत नाही तिथं मी काय करू?

मी सरळ अमळनेर गाठलं. तेलगिरणीच्या दारात चहाची टपरी होती, तिथल्या माणसाकडे टीव्ही होता आणि तिकडे त्या रविवारी लाईट होती. त्याला बसवून मी गोष्टीचा खरा शेवट वदवून घेतला. तो असा: गावच भुतांचं. कधीतरी साथीत सगळं गाव मेलेलं. येणाऱ्या माणसाला ते जाऊ देत नाहीत. शेवटी तेच जोडपं तसंच गोड हसत, पुढच्या नव्या जोडप्यासाठी दार उघडतं.

मला इतका आनंद झाला की मी चहा भाव न करता प्यायलो. म्हणजे जोडपं निर्दोष! पुरावा मिळाला!

पुढच्या रविवारी मी धाब्यावर चढलो नाही. टीव्हीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "थांबा सगळे. मागल्या गोष्टीचा खरा शेवट मी आणलाय." आणि साऱ्या गावासमोर खणखणीत आवाजात सांगितला. जोडपं चांगलं. गाव मेलेलं. सगळी भुतं ती गावातली.

सांगून झालं तेव्हा मला वाटलं होतं, लोक मान डोलावतील. कुणी डोलावली नाही. पुढं बसलेले एक नाना सावकाश उठले. गावात त्यांचा शब्द चालायचा.

"रावेरवाला," ते म्हणाले, "म्हंजे आम्हनं गाव मरेल शे?"

"नाही नाना, टीव्हीतलं गाव."

"आम्ही तुले घर दिनं, दूध दिनं. आनि तू आम्हले भूत म्हणस?"

"अहो, मी कुठं म्हणतोय? अमळनेरचा चहावाला म्हणतोय!"

"अमळनेरना चहावाला आम्हले भूत म्हणस?" मागून दुसरा उठला.

आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं होतं? आधी नुसत्या बायका घाबरल्या होत्या, आता पुरुष चिडले. उद्यापासून ह्याच्या चक्कीची वायर खांबावरून काढून टाका, असंही कुणीतरी म्हणालं. टीव्हीवर गाणी चालू होती, माणसं नाचत होती आणि कुणी बघत नव्हतं. बायको दारात उभी होती. ती मला म्हणाली, "चला, सामान बांधू." भांडून नाही, अगदी साध्या आवाजात. तो आवाज मला अजून खुपतो.

तेव्हा आबा उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. लाईट असताना! असं त्यांनी कधीच केलं नव्हतं.

"चहावाला अर्धा पाहीसन उठना," आबा म्हणाले. "त्याले गिऱ्हाईक उनं व्हयी. शेवटलं त्यानं दखंच नही. बसा."

लोक बसले. काय करणार, सवय होती.

"मी सांगेल खोटं नही," ते म्हणाले. "पन मी परसापर्यंतच सांगेल. तेन्हा पुढं बी शे." आणि त्यांनी पुढचं सांगितलं. परसात मुडदे दिसले, पण ते त्या दोघांचे नव्हते. भीतीनं तसे भासले. जोडपं जिवंत, हाडामांसाचं. गावही जिवंत, भलं गाव. मग कड्या का लावायचे लोक? कुत्री का पळाली? तर ज्या म्हाताऱ्यानं त्या जोडप्याला भाड्यानं घर दिलं, तो म्हातारा. भूत तो एकटाच. घरमालक.

कुणीतरी हसलं. आबा हसले नाहीत.

"कसं वळखाले उनं म्हनशात? त्याना घरमा बठ्ठा गाव ये, बसे, हाशे, उठी जाये. पन जेवना का, आसं त्याले कोनी कधी इचारं नही. जित्ता मानूसले तरी कोनी इचारस ना?"

असं म्हणून ते खाली बसले. काठी मांडीवर घेतली. अक्का पदरानं नाक पुसत उठल्या. नानांनी टोपी नीट केली. सगळे आपापलं गोणपाट गुंडाळून निघून गेले.

सकाळी पडवीत डबे होते. पहिला अक्कांचा. नानांच्या सुनेचा दुसरा. कुणी पायांकडे पाहिलं नाही. चक्की सुरू झाली आणि पुढं वर्षानुवर्षं चालली. त्या चक्कीवर मी पुढं दोन चक्क्या टाकल्या, धुळ्याला घर बांधलं. लोक म्हणतात, बघ, आबांनी तुला तारलं.

तारलं? अहो, बुडवलं कुणी होतं?

आणि ऐका, ओसरीचं काय झालं ते. पोरं यायची बंद झाली. लहान पोरांना काय, गोष्ट ती गोष्ट. तिन्हीसांजेला आबांच्या दारावरून ती पळत जायची. आया म्हणायच्या, नको रे तिकडं. मोठी माणसं यायला लाजू लागली, कारण आता नुसतं जाऊन बसणं त्यांना जड वाटू लागलं. रविवारी आबा टीव्ही लावून एकटे बसायचे. गोधडीवर, काठी मांडीवर, आणि समोर रिकामी ओसरी. लाईट जायची तेव्हा त्यांचा आवाज यायचा नाही.

मी पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. भांडायलाच गेलो होतो. "तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं? मला विचारलं होतं का? मी काय ते पाहून घेतलं असतं. नानांचे पाय धरले असते, चार महिने दळण फुकट दिलं असतं, काहीतरी ठरवलं असतं!"

"चक्की चालू शे ना?" आबा म्हणाले. "मंग कसाले वरडस? धाबावर चढ. चित्र हालस."

मी चढलो. शिव्या देत चढलो. अँटेना फिरवली. "उना का?" विचारलं. खालून एकट्याचा आवाज आला, "उना."

खाली उतरलो तेव्हा बायको ताट घेऊन ओसरीत उभी होती. मी म्हटलं, "हे काय?"

"जेवण," ती म्हणाली. "इतके दिवस ह्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. आपण तरी कधी विचारलं?"

"भाडं देतो ना आपण!"

"निम्मं," ती म्हणाली, आणि ताट आबांसमोर ठेवलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. माझ्याच चक्कीचं पीठ, मी स्वतः दळलेलं. माझ्या दळणाला आजवर कुणाची नावं ठेवायची छाती झाली नव्हती. ठेवली तर मी त्याला पडवीतून खाली उतरवलं असतं.

आबांनी तुकडा मोडला. सावकाश चावला. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "पीठ जाडं शे. पाटले टाकी लाव."

आणि मी, भाव केल्याशिवाय मीठ न घेणारा मी, पाटांना टाकी लावायची छिन्नी-हातोडी घ्यायला उठलो. त्याचा राग मला अजून येतो.